इस्त्रीने चिकटणारे ठिगळ : ते कोठे लावावे व कोठे लावू नये

शेतकऱ्याच्या अंगावरील कपडा सर्व जागी सारखा झिजत नाही. खुरपणी व कापणी करणाऱ्याची विजार गुडघ्यावर विरते, पोती वाहणाऱ्याचा सदरा खांद्यावर फाटतो, ऊस तोडणाऱ्याच्या बाह्या पाचटाने व पानांच्या कुसाने कोपराखाली चिरतात, आणि ट्रॅक्टर चालविणाऱ्याची पँट प्रथम बुडाशी जाते. अशा वेळी बाकीचे सारे कापड अजून दोन वर्षे टिकण्यासारखे असते. परंतु हाताएवढ्या जागेसाठी सबंध कपडा टाकून द्यावा लागतो, किंवा भोक वाढत जाऊन तो चिंधी होईपर्यंत तसाच वापरला जातो. पहिल्यात पैसा वाया जातो. दुसऱ्यात कधी कधी त्याहून मोठे नुकसान होते, त्याचा विचार पुढे केला आहे.

ठिगळ लावण्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. गाडगेबाबांचा चिंध्यांचा अंगरखा ज्या महाराष्ट्राने डोळे भरून पाहिला, त्या महाराष्ट्रात तरी ते कारण असू नये. आपल्या घराघरांतून जुन्या लुगड्यांच्या व धोतरांच्या गोधड्या आणि वाकळा शिवल्या जात आल्या आहेत, आणि ठिगळाचे ज्ञान आपल्या स्त्रियांना कोणी नव्याने शिकवावे असे नाही. नवी गोष्ट एवढीच, की सुईदोऱ्याच्या जोडीला आता इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारे तयार ठिगळ तालुक्याच्या गावी शिलाईसामानाच्या दुकानात मिळू लागले आहे. ते लावण्यास सोपे, म्हणून ते कोठेही लावण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा, हे सांगण्यासाठीच प्रस्तुत लेख लिहिला आहे.

ठिगळ चिकटते कसे

ह्या ठिगळाच्या एका बाजूस साधे कापड असते, बहुधा जीनचे किंवा जाड सुती कापडाचे. दुसऱ्या बाजूस प्लॅस्टिकच्या जातीच्या डिंकाचा पातळ थर असतो. हा डिंक थंड असताना कोरडा व कडक असतो. उष्णता लागली की तो वितळतो, दाबाने खालच्या कापडाच्या विणीत शिरतो, आणि निवताच तेथे घट्ट होऊन दोन्ही कापडांचे धागे धरून ठेवतो. शिंपी ज्या ‘पेस्टिंग’ने गळपट्टीला किंवा ब्लाऊजच्या पट्टीला ताठपणा आणतो, त्याचे तत्त्व हेच होय. पेस्टिंगच्या ज्या बाजूवरून बोट फिरविले असता बारीक दाणे लागतात किंवा जी बाजू चकाकते, ती डिंकाची बाजू समजावी. घरच्या जुन्या जीनच्या तुकड्याला असे पेस्टिंग चिकटवून पाहणारे पुष्कळ असतात. पण साध्या पेस्टिंगला डिंक एकाच बाजूने असतो, म्हणून त्याने दोन कापडे जोडता येत नाहीत. त्यासाठी दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाळी वेगळी मिळते, ती मागून घ्यावी.

वरील वर्णनावरून तीन गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. डिंकाला विणीत शिरण्यास जागा हवी, म्हणून गुळगुळीत, मेणचट किंवा पाणी न शिरणाऱ्या कापडावर तो धरत नाही. विणीत आधीच खळ, तेल, घाम किंवा माती भरलेली असेल तर डिंक धाग्याला न चिकटता त्या मळाला चिकटतो आणि मळाबरोबर सुटून येतो. आणि डिंक वितळण्यास लागणारी उष्णता कापडाला सोसली पाहिजे. ह्या तिसऱ्या गोष्टीत सर्वात अधिक कपडे बिघडतात.

तयार कपड्याच्या आतील चिठ्ठीवर इस्त्रीचे लहानसे चित्र असते व त्यात ठिपके असतात. तीन ठिपके म्हणजे इस्त्रीचा तवा २०० अंश सेल्सिअसपर्यंत चालेल, दोन म्हणजे १५०, आणि एक म्हणजे ११०. चित्रावर फुली असल्यास इस्त्री मुळीच लावू नये. बहुतेक ठिगळांचा डिंक सुमारे १२० ते १५० अंशांच्या दरम्यान वितळतो. तेव्हा मांजरपाट, खादी, जीन, जाडेभरडे सुती कापड ह्यांवर ठिगळ निर्धास्तपणे लावता येते. टेरिकॉटवर ते लागते, पण तेथे उष्णतेची सीमा अगदी जवळ असते. तव्याखाली सुती फडके घालून, थोडा थोडा वेळ दाबून काम करावे. नायलॉनचे जाकीट, पावसाळी कोट, प्लॅस्टिकचे अस्तर असलेला कपडा ह्यांना इस्त्री दाखवूच नये.

ताणले जाणारे विणीचे बनियन व टी-शर्ट ह्यांवर ठिगळ चिकटते खरे, परंतु ते स्वतः ताणले जात नसल्यामुळे त्याच्या कडेलाच नवे भोक पडते. साडी, धोतर, पातळ ओढणी ह्यांच्याबाबत तर विचारच नको. तेथे रफू किंवा त्याच सुताचे पातळ ठिगळ हातानेच घालावे.

लावण्याची रीत

कपडा प्रथम साबणाने स्वच्छ धुऊन, भरपूर पाण्यात खळबळून, पूर्ण वाळवावा. धुताना खळ किंवा नीळ घालू नये. ठिगळाचे कापड घरचे व कोरे असेल तर तेही एकदा धुऊन घ्यावे, कारण नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. आधी चिकटवून मागाहून धुतल्यास ठिगळ आखडून भोवतीच्या कापडाला सुरकुत्या पाडते.

भोकाच्या कडेचे लोंबणारे धागे कात्रीने कापून टाकावेत. ओढून तोडू नयेत. नंतर भोकाभोवतीचे कापड बोटांनी चाचपून पाहावे. भोक रुपयाएवढे दिसत असले, तरी त्याच्या भोवतीचे कापड चार बोटांपर्यंत विरलेले असते, असा बहुतेक ठिकाणचा अनुभव आहे. कपडा उजेडासमोर धरला असता विरलेला भाग लगेच दिसतो. ठिगळ मापताना भोक न मापता हा विरलेला भाग मापावा, आणि त्याच्या सर्व बाजूंनी दोन ते अडीच सेंटिमीटर, म्हणजे सुमारे एक इंच, चांगल्या कापडावर जाईल एवढे ठिगळ कापावे. लहान ठिगळ विरलेल्या कापडाला धरून बसते आणि पहिल्याच वाकण्यात त्या कापडासकट निघून येते. मग दोष डिंकाला दिला जातो.

ठिगळाचे कोपरे गोल करावेत. टोकदार कोपरा धुताना प्रथम उचकटतो व तेथून पाणी आत शिरते. ठिगळाचे उभे व आडवे धागे कपड्याच्या उभ्या-आडव्या धाग्यांशी जुळवावेत, म्हणजे दोन्ही कापडे एकाच दिशेने ताण घेतील.

ठिगळ आतून लावावे की बाहेरून? गुडघा, खांदा, बूड अशा घासल्या जाणाऱ्या जागी ते बाहेरून लावावे, कारण घासणे ठिगळाने सोसावयाचे आहे. कपडा चारचौघांत वापरावयाचा असेल तर आतून लावावे; मात्र मग भोकातून डिंक उघडा राहतो, त्याला धूळ चिकटते आणि पुढे इस्त्री करताना तो तव्याला लागतो. ह्यासाठी त्याच रंगाच्या कापडाचा भोकाच्या मापाचा तुकडा वरून बसवून दोन्ही एकदम चिकटवावेत. पँटच्या पायात किंवा बाहीत काम करताना दोन पदरांच्या मध्ये जाड कोरा कागद सरकविण्यास विसरू नये. तो नसला की डिंक भोकातून खाली उतरून पुढचा पदर मागच्या पदराला चिकटवतो आणि बाहीत हात जाईनासा होतो.

घोंगडी किंवा गोधडी टणक पाटावर दुहेरी घालून, तिच्यावर स्वच्छ सुती कापड पसरावे. मऊ गादीवर दाब बसत नाही. प्रथम नुसत्याच कपड्यावर इस्त्री पाच-सहा सेकंद ठेवून त्यातील ओल घालवावी. नंतर ठिगळ डिंकाची बाजू खाली करून बसवावे, वर पातळ फडके घालावे, आणि इस्त्री सरळ खाली दाबून पंधरा ते वीस सेकंद धरावी. ह्या वेळी इस्त्री पुढेमागे फिरवू नये. फिरविल्यास ठिगळ वितळत्या डिंकावर सरकते. ठिगळ तव्यापेक्षा मोठे असेल तर इस्त्री उचलून शेजारी ठेवावी व पुन्हा तितकाच वेळ दाबावी. कडांवर विशेष लक्ष द्यावे. त्यानंतर कपडा उलटा करून मागच्या बाजूनेही दहा-पंधरा सेकंद दाब द्यावा. वाफेची इस्त्री असल्यास वाफ बंद ठेवावी. पाकिटावर निराळी वेळ छापलेली असेल तर ती प्रमाण मानावी, कारण प्रत्येक डिंकाची जात सारखी नसते.

काम झाल्यावर कपडा लगेच उचलू नये. पाच-दहा मिनिटे तसाच सपाट ठेवून निवू द्यावा, मग नखाने कड उचकटून पाहावी; सुटत असेल तर पुन्हा उष्णता द्यावी. धुण्यापूर्वी एक दिवस जाऊ द्यावा.

कोळशाच्या इस्त्रीने हे काम उत्तम होते. तिचे वजन ही तर मोठीच सोय आहे. परंतु तिला उष्णता कमी-अधिक करण्याची कळ नसते. ह्यासाठी जुन्या पांढऱ्या सुती चिंधीवर ती दहा सेकंद दाबून पाहावी. चिंधी पिवळी पडली तर इस्त्री फार तापली आहे असे समजून थोडा वेळ थांबावे. जाळीतून राख गळते, तिच्याकडे लक्ष असावे. निखाऱ्यांचा विषारी वायू बंद खोलीत साठतो, म्हणून हे काम ओसरीवर किंवा अंगणात करावे. विजेची इस्त्री असेल तर ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहू नये. विजेचा दाब कमी असलेल्या गावी ती दिवा लागूनही पुरेशी तापत नाही, आणि अर्धवट वितळलेले ठिगळ दिसण्यात चांगले पण पकडीत कच्चे राहते. दाब कमी असेल तेव्हा घाई न करता इस्त्री अधिक वेळ तापू द्यावी.

कडेचा टाका

चिकटलेल्या ठिगळाला शिवण लागत नाही, अशी दुकानात जाहिरात असते. टेबलाशी बसून काम करणाऱ्यासाठी ती खरी असेल. शेतातल्या कपड्याला घाम, चिखल आणि धुण्याच्या दगडावरची आपटणी हे तिन्ही सोसावे लागते. त्याला केवळ डिंकावर सोडू नये. ठिगळाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत सभोवार उलटी टीप घालावी, किंवा कडेवरून काजेटाका घ्यावा. गुडघ्यावर तर मध्येही दोन-तीन ओळी धावदोरा घालावा. डिंकाचे काम येथे ठिगळ जागच्या जागी धरून ठेवण्याचे. भार सोसण्याचे काम दोऱ्याचे. यंत्रावर शिवावयाचे असेल तर पँटची बाजूची शिवण गुडघ्यापुरती उसवून पाय उघडा करावा, ठिगळ शिवावे, मग शिवण पुन्हा घालावी. शिंपी असेच करतो. डिंक सुईला लागून दोरा तुटू लागला तर सुई पुसून घ्यावी.

टाक्याचा आग्रह धरण्यास दुसरेही कारण आहे. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, पट्ट्यावर चालणारी मोटर आणि ट्रॅक्टरचा मागचा फिरता दांडा ह्यांच्याजवळ लोंबणारे कापड फार घातक ठरते. हा दांडा बहुधा मिनिटास ५४० फेरे फिरतो, म्हणजे एका सेकंदात नऊ. अर्धे सुटलेल्या ठिगळाची कड त्यात सापडली तर हात मागे घेण्यास अवधी मिळत नाही. कपडा गुंडाळला जातो आणि त्याच्याबरोबर माणूस ओढला जातो. जाड, दुहेरी, न फाटणारे ठिगळ तर साध्या कापडापेक्षाही घट्ट ओढते. म्हणून यंत्रावर जाण्यापूर्वी सुटलेले ठिगळ शिवून टाकावे, आणि तेवढा वेळ नसेल तर सरळ ओढून काढून टाकावे. नुसते भोक परवडले.

फवारणीचा कपडा

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे चांगला कपडा गावी जाण्यासाठी, बरा कपडा शेतकामासाठी आणि सर्वात जुना, फाटका कपडा फवारणीसाठी अशी वाटणी करण्याचा प्रघात आहे. “औषधाने कपडा खराब होतो, मग नवा कशाला घाला?” असा प्रश्न कार्यकर्त्यांना पुष्कळदा ऐकावा लागतो. विषाला औषध म्हणण्याची सवय ह्या समजुतीच्या मुळाशी असावी. वास्तविक वाटणी नेमकी उलटी हवी. कुदळ मारताना फाटक्या कपड्यातून वारा आत येतो. फवारताना विष आत येते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अशा विषबाधेची कारणे अनेक असतात, आणि ती सर्व कपड्यात शोधणे योग्य होणार नाही. परंतु कीटकनाशक शरीरात केवळ नाकातोंडावाटे जाते हा समज चुकीचा आहे. फवारणी करणाऱ्याच्या शरीरात त्याचा मोठा भाग त्वचेतून शिरतो. घामेजलेल्या त्वचेतून, आणि काख व जांघ अशा नाजूक जागी तर ते अधिकच लवकर शोषले जाते. ओला कपडा अंगाला चिकटून राहिला म्हणजे विष तासन् तास त्वचेवर दाबून धरले जाते.

फाटणाऱ्या जागांचा येथे पुन्हा विचार करावा. पाठीवरच्या पंपाचे पट्टे खांद्यावर घासतात, आणि पंपाचे झाकण किंवा नळी गळू लागली तर द्रव त्याच खांद्यावर व पाठीवर उतरतो. उंच वाढलेल्या कपाशीतून चालताना ओली पाने मांड्यांना व गुडघ्यांना लागतात. विजार विरते तीही गुडघ्यालाच. कपडा जेथे प्रथम उघडा पडतो, तेथेच विष प्रथम पोहोचते.

मग त्या भोकावर इस्त्रीचे ठिगळ लावले तर? ते लावू नये. फवारणीचा कपडा त्याच दिवशी, घरच्या इतर कपड्यांपासून वेगळा, गरम पाण्यात भरपूर साबणाने धुवावयाचा असतो. गरम पाणी, साबण आणि वरचेवर चोळणे ह्यांनीच डिंकाची पकड सैल होते. जे धुणे कपड्याला निर्धोक करते तेच ठिगळाला सोडविते. कड सुटली की ठिगळाखाली एक पिशवी तयार होते आणि तीत शिरलेला द्रव अंगाशी धरून ठेवला जातो. शिवाय विष मुरलेला कपडा पूर्ण धुतला गेला नसेल, तर त्यावर तापलेली इस्त्री दाबताच विषाचा अंश वाफेबरोबर नाकातोंडात जाण्याचा संभव असतो. इस्त्री करणारी बहुधा घरची स्त्री असते आणि तिच्याजवळ मुले खेळत असतात.

फवारणीसाठी पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा सदरा व पायघोळ विजार असा एक धड जोड निराळा ठेवावा, व त्यावर लेबलावर सांगितलेले हातमोजे, चष्मा, मुखपट्टी व अंगरखा वापरावा. जोड नवाच हवा असे नाही, पण त्याला भोक नसावे. तो फाटला की फवारणीतून बाद करावा. मूळ, पाणी न घातलेले कीटकनाशक त्यावर सांडून मुरले असेल, तर मात्र तो धुऊनही वापरू नये, फेकून द्यावा. असे सांडल्यास कपडा त्याच क्षणी अंगावेगळा करून अंग साबणाने धुवावे, व अस्वस्थ वाटू लागल्यास औषधाचा डबा किंवा लेबल बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. ह्यासाठी बांधावर पाणी, साबण आणि एक जादा कपडा ठेवलेला असावा.

बाद झालेल्या फवारणीच्या कपड्याचे घरी काय होते, इकडे कार्यकर्त्यांनी अवश्य लक्ष द्यावे. आपल्या काटकसरी घरांत कापडाचा तुकडा वाया जात नाही. तो सदरा गोधडीच्या अस्तरात जातो, पोळ्या गुंडाळण्याचे फडके होतो, किंवा दुसऱ्या कपड्याचे ठिगळ होतो. हे पूर्णपणे थांबविले पाहिजे. असा कपडा कात्रीने चिरून निरुपयोगी करावा, म्हणजे कोणी उचलून नेणार नाही. ठिगळांच्या गाठोड्यात केवळ फवारणीला कधीही न गेलेले कापडच असावे.

कापूस वेचणाऱ्या स्त्रिया लुगड्यावरून घरधन्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात. ही रीत चांगली आहे. बोंडांच्या काट्यांपासून व उन्हापासून तिने संरक्षण होते, आणि अशा सदऱ्याच्या कोपराला इस्त्रीचे ठिगळ उत्तम शोभते. मात्र तो सदरा फवारणीचा नाही, हे आधी विचारून घ्यावे.

कार्यकर्त्यांसाठी

हा विषय व्याख्यानाने पटत नाही, प्रत्यक्ष करून दाखविल्याने पटतो. महिला बचत गटाच्या बैठकीस जाताना सुती, टेरिकॉट आणि नायलॉन अशा तीन चिंध्या, एकाच पाकिटातील तीन लहान ठिगळे आणि एक इस्त्री बरोबर न्यावी. नायलॉनच्या चिंधीवर इस्त्री टेकविताच काय होते ते सर्वांना पाहू द्यावे. सुती चिंधीचे दोन तुकडे करून एकाला खळ लावून वाळवावे, दुसरा साधा ठेवावा, आणि दोन्हींवर ठिगळ लावावे. साध्या तुकड्यावरच्या ठिगळाच्या अर्ध्या कडेला टाका घालावा, अर्धी तशीच सोडावी. हे तुकडे गटातील एखाद्या ताईंकडे देऊन रोजच्या धुण्यात दहा वेळा धुण्यास सांगावे, आणि पुढील बैठकीस ते मागवून सर्वांसमोर कडा ओढून पाहाव्यात.

त्याच बैठकीत प्रत्येकीला घरी फवारणीसाठी कोणता कपडा ठेवला आहे, तो कोठे टांगतात आणि कोण धुते, हे विचारावे. उत्तरे लिहून घ्यावीत. फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या अखेरीस, ही बैठक झाली तर फाटका जोड बदलण्यास घरच्यांना वेळ मिळतो.